आई मोकळी होईपर्यंत

आमच्या घरात जगाच्या अंतावरून जितकी भांडणं झाली तितकी मिठावरूनही झाली नसतील. आई छोट्या प्रार्थनागृहात जाणारी. तिच्या मंडळीत सांगतात, की प्रभू एके दिवशी अचानक येईल आणि जे तयार आहेत त्यांना हातातल्या कामावरून उचलून नेईल. मागे राहतील त्यांच्या वाट्याला सात वर्षांचं महासंकट. बाबा जुन्या, मोठ्या चर्चचे. त्यांच्याकडे हे गुपचूप उचलणं वगैरे नाही. शेवटचा दिवस एकच, कर्णा एकदाच वाजणार, आणि जिवंत-मेलेले सगळे एकत्र उभे राहणार. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांपैकी कुणी तसूभर हललेलं नाही. मी एक रविवार आईबरोबर जाते, एक बाबांबरोबर, आणि दोन्हीकडचे लोक मला दुसरीकडची समजतात.

आमचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे. मशीन बाबांचं, इस्त्रीचं टेबल आईचं, काउंटर आणि गिऱ्हाइकांची बोलणी माझी.

गेल्या वर्षी आईच्या मनाने घेतलं, की तो दिवस आता फार लांब नाही. आणि काळजी कसली, तर आपण वर गेल्यावर यांचं कसं होणार. बाबाही बरोबर येतील याची तिला खात्री नव्हती.

"तुमचा विश्वास आहे हो, पण तयारी नाही," ती त्यांना वाढता वाढता सांगायची.

"आणि हिची?" बाबा माझ्याकडे बोट दाखवायचे.

"तिचं निम्मं निम्मं आहे."

म्हणून तिने बाबांना इस्त्री शिकवायला घेतली. "तुम्हाला हे जमलं की मी मोकळी," ती म्हणाली. कॉलर टोकांकडून मधे दाबत आणायची, मधून टोकाकडे नाही. चुण्या आधी बोटांनी बसवायच्या, मगच वाफ सोडायची. ती दाखवायची, बाबा मान डोलवायचे, आणि कॉलर चुरगळायची ती चुरगळायचीच. एकदा तर एका वकिलाच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा तपकिरी ठसा उमटला. वकील जे बोलला ते मी ऐकून घेतलं. महिनोन् महिने हेच. माझं डोकं फिरायचं. डोळे मिटून मशीनचा पट्टा बदलणाऱ्या माणसाला एक कॉलर जमू नये?

आई मात्र चिडायची नाही. जेवताना घास हातात धरून त्यांच्याकडे बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "मला बोलावणं आलं तर पाय निघायचा नाही गं. यांना असं टाकून कसं जाऊ?" तिचे डोळे भरले होते. मला तिच्या त्या मंडळीचा भयंकर राग आला, आणि तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

मग मावशीचं ऑपरेशन निघालं आणि आई काही दिवस तिच्याकडे राहायला गेली. नेमके तेव्हाच बाबांच्या चर्चमधून गायकांचे झगे आले. पांढरे, खांद्यापासून खालपर्यंत नुसत्या चुण्या. मी ते परत पाठवणार होते.

"राहू दे," बाबा म्हणाले आणि टेबलापाशी गेले.

त्यांनी पाणी शिंपडलं, बोटांनी एकेक चुणी बसवली, वाफ सोडली आणि झगा हँगरला लावला. मी जवळ जाऊन पाहिलं. आईचं काम शेजारी टांगलं असतं तर कुठलं कोणाचं ते मला सांगता आलं नसतं.

"हे कधी जमायला लागलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग वकिलाचा शर्ट?"

"तो जरा जास्तच झाला." बाबांनी पुढचा झगा पसरला. "ती म्हणाली होती ना, जमलं की मोकळी."

"पण तुम्ही तर ते मानतच नाही."

"नाही मानत. पण ती मानते. तिच्या बाबतीत मी उगाच कशाला जोखीम घेऊ?"

मी जाऊन काउंटर पुसत बसले.

आई सांगितल्यापेक्षा एक दिवस आधीच आली. झगे अजून दांडीवर होते. बाबांचा चेहरा साफ उतरला. तिने पिशवी खाली ठेवली आणि झग्यांवरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"कोणी केले?"

बाहेरून करून आणले, असं मी सांगणार होते.

"मी," बाबा म्हणाले.

ज्यासाठी ती वर्षभर झटत होती ते तिच्यासमोर टांगलेलं होतं. मग तिने शेवटचा झगा काढून टेबलावर टाकला.

"ही चुणी वाकडी आहे," ती म्हणाली.

चुणी सुतासारखी सरळ होती.

"अजून कच्चं आहे तुमचं. बरंच शिकायला लागेल."

"वाटलंच मला," बाबा म्हणाले.

आईने पाणी शिंपडून सगळ्या चुण्या मोडल्या आणि सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली. बाबांनी इस्त्री उजव्या हाताने उचलली आणि डाव्या हातात घेतली.