एकशे बारा नंबरचं झाड

"वीणाताई, तीच तीच झाडं बावीस वर्षं मोजून तुम्हाला बोअर नाही होत?"

"पूछ ना यार, दम है तो पूछ," असं म्हणत मैत्रीण इशितानं सकाळपासून भंडावून सोडलं होतं, म्हणून संपदानं विचारून टाकलं. आणि लगेच जीभ चावली. आज पहिल्यांदाच घेर मोजायची पट्टी आणि नोंदवही तिच्या हातात आली होती!

वीणाताई हसल्या. दिल्लीतल्या अरवलीच्या या टेकडीवरची अडीचशे झाडं त्या दर मे महिन्यात मोजायच्या. "पहिली पाच वर्षं झालं," त्या म्हणाल्या. "मग वर्षातून एकदा पाहुण्यांकडे जावं, तसं वाटायला लागलं. जा, एकशे बाराला भेटून ये."

एकशे बारा नंबरचं झाड म्हणजे एक धौ. वीणाताईंच्या भाषेत, महाराष्ट्रातल्या धावड्याची दिल्लीकर बहीण. संपदानं धावडाही कधी पाहिला नव्हता. झाडावर एक पान नव्हतं. नंबराचा पत्रा उन्हात चमकत होता आणि छातीच्या उंचीवर लाल रंगाचा पट्टा होता, दर वर्षी मोजायची जागा. सगळं जंगल डोळे मिटून पडल्यासारखं. हवा थरथरत होती, आणि त्या थरथरीत लांबच्या सोसायट्यांचे टॉवर पाण्यात उभे असल्यासारखे हलत होते. संपदानं पट्टी गुंडाळली तेव्हा आपण झाडाच्या कमरेत हात घालून उभ्या आहोत, असंच तिला वाटलं.

एकसष्ट पूर्णांक एक सेंटिमीटर.

वहीत मागच्या वर्षीचा आकडा होता एकसष्ट पूर्णांक चार. तिनं पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. एकसष्ट पूर्णांक एकच! झाड कधी बारीक होतं का? चुकलं असणार ते आपलंच. पहिल्याच दिवशी नाक कापलं जायचं. मागे इशिता ओरडत होती, "क्या कर रही है, शादी कर रही है क्या उससे?"

संपदानं वहीत लिहिलं, एकसष्ट पूर्णांक आठ. वर्षभरात एवढं तरी वाढतंच ना कुणीही!

दुपारी सावलीत डबे उघडले. वीणाताईंनी वही चाळली. "हात स्थिर आहे तुझा. पुढच्या वर्षीपासून हा कोपरा तुझा." मग ताकाचा घोट घेऊन त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "यंदा फेब्रुवारीपासून थेंब नाही पडला. अशा वेळी ही झाडं स्वतःच्या खोडातलं पाणी पिऊन जगतात गं. अंग आकसतं त्यांचं. पावसात पुन्हा भरतात. किती आकसली, तेच तर बघायला आलोय आपण."

संपदानं पराठ्याचा घास परत डब्यात ठेवला. आत्ता सांगावं? पण इशिता शेजारीच, आणि तो कोपरा नुकताच मिळालेला. तिनं वही तशीच वीणाताईंच्या हातात राहू दिली.

मेट्रोत खिडकीला डोकं टेकवून बसल्यावर तिला ते झाड दिसत राहिलं. तहानलेलं, स्वतःलाच घोटघोट पिणारं. तीन-तीनदा तिला खरं सांगणारं. आणखी चाळीस वर्षांनी कुणीतरी तीच वही उघडेल. सगळं जंगल आकसलं आणि एकटं एकशे बारा कसं फुगलं, म्हणून डोकं खाजवत बसेल. त्या झाडाखाली झरा होता की काय, म्हणून शोधत फिरेल! झरा नव्हताच. संपदा होती.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये शिरली तेव्हा आई दिवा लावत होती. बाबा उद्याच्या कोचिंगच्या टेस्टचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवत होते.

"बाबा, मी उद्या टेस्टला जाणार नाहीये."

"अच्छा! आणि कुठे जाणार आहात?"

"टेकडीवर. मी वहीत खोटा आकडा लिहिलाय."

आईनं काडी विझवली. "अगं, मग फोन करून सांग की त्यांना."

"फोनवर झाड मोजता येत नाही, आई. आणि खोटं लिहिणारीचा नुसता आकडा कोण खरा मानेल? मोजणीचा उद्या शेवटचा दिवस आहे, आणि ती भल्या सकाळीच सुरू होते. मी सकाळी पहिल्या मेट्रोनं जाणार. आधी वीणाताईंना सगळं सांगणार, सगळ्यांसमोर. मग त्यांनी पट्टी हातात दिली तर मी मोजेन, नाही दिली तर दुसरं कुणीतरी मोजेल, पण खरा आकडा वहीत चढल्याशिवाय मी घरी यायची नाही."