घोळीच्या तोंडातून सुटलेली डबी

मित्रांनो, मी मलमाची एक जुनी, चेपलेली डबी आहे. माझ्या झाकणावरचा हा ओरखडा घोळ माशाच्या दातांचा आहे.

माझा जन्म तारापूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्यातल्या मलमात भांगेच्या पानांतले कॅनाबिनॉइड नावाचे घटक होते. नशा आणणारा भाग मात्र त्यात ठेवला नव्हता. हे सारे वेष्टनावर छापले होते, पण बारीक अक्षरांत. मोठे होते ते फक्त हिरवे पान!

त्याच कारखान्यात काम करणाऱ्या हेमालीने मला एडवणला घरी नेले. तिचे सासरे पुंडलिककाका स्वतःच्या मासेमारी बोटीचे नाखवा. दोर ओढून आणि खारे पाणी लागून त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. तिने गुपचूप मला त्यांच्या भाकरीच्या डब्याशेजारी ठेवले.

मासेमारी करून परतताना काकांनी डबा उघडला आणि मला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चष्मा घरी, मग वाचणार काय? त्यांना दिसले ते फक्त पान. ज्याच्या बोटीत नशेची वस्तू सापडेल त्याची बोट वर्षभर किनाऱ्यावर, असे गावकीने नुकतेच ठणकावले होते. तेवढ्यात समोरून सागरी पोलिसांची बोट आली. काकांनी मला समुद्रात फेकायचे सोडून जवळच्या घोळीच्या तोंडात कोंबले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही.

तपासणीला दीपिका नावाची पोलीस होती. घोळीचा फुगलेला जबडा पाहून तिने मला बाहेर ओढले.

"ती माजी नाय, बाय!" काका घाईघाईने म्हणाले. "म्हावऱ्यानंच गिळली आसंल!"

दीपिकाने मला पुसले, वाचले आणि ती खळखळून हसली. "काका, हे हाताला लावायचं मलम आहे. यानं नशा येत नाही. परवान्याचा नंबरपण छापलाय."

"म्हंजे... माजी बोट वर्सभर किनाऱ्यावर नाय ना बसनार?"

"नाही बसणार, काका."

काका मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी त्याच भेगाळलेल्या हातांनी मला उघडले. त्या दिवशी मला फार हलके वाटले.

मलम कधीच संपले. आज माझ्यात मासे पकडायचे गळ असतात. मित्रांनो, घाबरण्याआधी वाचा, नाही कळले तर विचारा. आणि माझे झाकण घट्ट लावत जा, खाऱ्या वाऱ्याने मी गंजते.

काका लावतात. आता ते चष्मा घेतल्याशिवाय बोट पाण्यात लोटत नाहीत.