जिन्याखालची तक्रारपेटी

राडोवान वोयाचेक शब्दाचा पक्का. इतका, की बायको मिलाडाने "लवकर येशील ना?" विचारलं तर "बघतो" एवढंच म्हणायचा आणि लवकर यायचा. सतरा वर्षांपूर्वी त्याने कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या मुख्य प्रोग्राममध्ये, एक सेटिंग घातलं तेही याच स्वभावाचं. ते चालू असलं की कर्नेल प्रोग्रामांना जवळ आहे तेवढीच मेमरी कबूल करी. बंद असलं की मागेल त्याला हो, आणि मेमरी खरंच संपली की कुणातरी एका प्रोग्रामचा गळा दाबून तो बंद पाडी.

चेक देशातल्या ब्रनो शहराच्या ऑफिसात मेमरीचं खातं आता झोराकडे होतं. तिला ते सेटिंग काढून टाकायचं होतं.

"कोण वापरतं हो ते? एक नाव सांगा," ती कॅन्टीनमध्ये गुलाशाच्या रश्शात पाव बुडवत म्हणाली.

"चालतंय तोवर कोण कशाला बोलेल?"

"बाकी सगळ्यांचं 'हो हो' म्हणून झकास चाललंय."

"बोलाचीच कढी नि बोलाचाच भात! पानावर बसल्यावर कळतं."

शेवटी ठरलं ते असं. नव्या आवृत्तीत सेटिंग बंद, आणि पडद्यावर सूचना: अडचण आल्यास या पत्त्यावर कळवा. महिन्यात एक जरी तक्रार आली तर सेटिंग परत. नाही आली तर कायमचं बाद, आणि कर्नेलची देखरेख करणाऱ्यांच्या यादीतून राडोवानचं नावही बाद, कारण यादीत तो आता त्या सेटिंगपुरताच उरला होता.

"आणि तुम्ही स्वतः तक्रार करायची नाही."

"शब्द दिला," राडोवान म्हणाला.

तक्रारींची मेलपेटी झोराने जिन्याखालच्या जुन्या मशीनवर उघडली. नवं कर्नेल पहिलं तिथेच घातलं. लोकांना सांगायच्या आधी आपण करावं, हा तिचा नियम.

पेटी रिकामीच राहिली. झोरा रोज सकाळी "शून्य" म्हणायची.

पंचविसाव्या दिवशी राडोवानचा धीर सुटला. नाव जाणार याचं त्याला फार वाईट वाटत होतं. मिलाडा बाजारात गेलेली पाहून त्याने तिच्या मेलवरून लिहिलं, 'आमच्या दवाखान्यात हे सेटिंग लागतं.' मिलाडा दातांची डॉक्टर. दवाखान्यात संगणक एक, आणि त्यावर ती पत्ते खेळे.

तिसाव्या दिवशी सकाळी ते पत्र मिलाडाच्या मेलवर परत आलेलं त्याला दिसलं. पाच दिवस प्रयत्न केला, पलीकडे कुणी घेत नाही, असं खाली लिहिलेलं. राडोवानच्या डोक्यात प्रकाश पडला. जिन्याखालचं मशीन सगळ्यांना हो म्हणत सुटलं होतं, मेमरी संपली होती, आणि गळा दाबला गेला तो नेमका पत्रं घेणाऱ्या प्रोग्रामचा.

पुरावा हातात होता, पण पुराव्यावर मिलाडाचं नाव. दाखवावा तर शब्द मोडल्याचं उघड, झाकावा तर सेटिंग गेलं. नुसतं 'मशीन बघ' म्हटलं असतं तर झोराने 'तुम्हाला कसं कळलं?' विचारलंच असतं, आणि खोटं बोलण्याची त्याची शिदोरी एका पत्रातच संपली होती.

त्याने परत आलेल्या पत्राचा छापील कागद झोराच्या टेबलावर ठेवला.

"मिलाडाबाई दात काढायला कर्नेल वापरतात?"

"पत्ते खेळायला. लिहिलं मी. शब्द मोडला, लाज वाटते. पण आधी मशीन बघ."

झोराने जुनं कर्नेल घालून मशीन सुरू केलं. तासाभरात अकरा पत्रं आली. एक धान्याच्या गिरणीतून, दोन टेलिफोन खात्यातून. एकात लिहिलं होतं, 'तिसऱ्यांदा पाठवतोय, कुणी आहे का?'

"आहे बाबा," झोरा पडद्याला म्हणाली, आणि त्याच दुपारी सेटिंग परत घातलं. प्रत्येक दुरुस्तीखाली चूक प्रथम कळवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत असते, आणि ते नाव पुन्हा कधी पुसत नाहीत.

"तिथे माझं नाव नको," राडोवान म्हणाला.

"तुमचं कुठलं? पत्रावर आहे ते," म्हणत तिने तिकडच्या रीतीने बायकी आडनाव लावून 'मिलाडा वोयाचकोवा' टाइप केलं.

संध्याकाळी मिलाडाला आभाराचं पत्र आलेलं. "मी काय रे कळवलं?"

राडोवानने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती पिठाची उकडलेली डंपलिंग वाढू लागली.

"उद्या लवकर येशील ना?"

"येतो. नक्की येतो."

"तसं नको," मिलाडा म्हणाली. "'बघतो' म्हण. त्याच्यावर माझा विश्वास आहे."