पूनमसिंगचं रक्त

मानीबाईनं उजवा पाय उपड्या घमेल्यावर ठेवला आणि घोट्यावरची चिकटपट्टी हळूच सोलून काढली. शेजारची कांताबाई कुंपणावरून वाकून पाहत होती. खरं तर वाकायची तिला गरज नव्हती. तांड्यात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे तिला उभ्या उभ्या वासावरून कळे.

"काय टोचलं वं यवतमाळले?"

"रक्त."

"कोनाचं?"

मानीबाईचंच. मोडलेला घोटा जुळला होता, पण आतला सांधा पुढे झिजू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिच्याच हातातलं रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि वर आलेलं पिवळं पाणी घोट्यात भरलं. "फायदा होईलच असं नाही, आजी," असंही बजावलं. मग विचारलं, "सोबत कोण आलंय?" मानीबाईनं खुर्चीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं होतं.

"एकटीच गेलती ना?" कांताबाई म्हणाली. "तुहा पोरगा पूनमसिंग काई आला नसन. पाय मोडला तवाबी नाई आला."

"आला ना!"

तोंडून निघून गेलं. आणि गाडं एकदा उताराला लागल्यावर ते अडवायचं कुणी?

"पुन्याहून थेट दवाखान्यात. डॉक्टरीन म्हने, म्हातारीचं रक्त कायच्या कामाचं? त यानं बाहीच वर केली. म्हने, माह्यं घ्या. बादलीभर निघालं बाई! मशीन बंद पडली."

"अन् घरी नाई आला?"

"कंपनीत सुट्टी कुठी हाय? तसाच गेला परत."

कांताबाईनं पदर तोंडाला लावला. संध्याकाळपर्यंत बादलीचं पिंप झालं. तांड्याच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोचली तेव्हा पूनमसिंग दवाखान्यात बेशुद्ध पडून शुद्धीवरही आला होता. बाया येऊन घोट्याला हात लावून गेल्या. "पोरगा असावा त असा," म्हणाल्या. मानीबाई मान हलवत राहिली. त्या गेल्यावर तिनं एकच भाकर थापली. तीही अर्धी उरली.

त्याच आठवड्यात फोन वाजला.

"याडी, तांड्यातून फोन येऊन राह्यले मले." पूनमसिंगच होता; आईला तो याडीच म्हणे. "धावजीकाका विचारे, एवढं रक्त देलं, आता बरं हाय का म्हून."

मानीबाई घोटा चोळू लागली. दुखत नव्हता तरी.

"मंग? काय सांगतलं?"

पलीकडे कुठलीशी गाडी मागे घेताना पींपीं करत होती. ती थांबली तसा तो म्हणाला,

"सांगतलं, थोडी चक्कर येते म्हून."

मानीबाईनं फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"चक्कर येते त उपाशी कामावर कायले जातं?" ती रागावली. "गूळ-फुटाने ठेवत जाय खिशात. इतकं रक्त गेलं तुह्यं."

"हव, याडी."