कुत्र्याचा ढीग

कल्याणच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला गिऱ्हाईक आलं की आम्ही पहिलं विचारतो, खायला की कुत्र्याला? खायचं टोपलीत असतं. कुत्र्याचं म्हणजे तळाचा चुरा, डोकी, शेपट्या. शेजारी बसणारा गोपीनाथ तर त्याचा खाली गोणपाटावर ढीगच घालायचा आणि किडे होऊ नयेत म्हणून वरून औषधाची पावडर मारायचा. मेला कोंबड्यांचं खाणं विकणारा, त्याला काय!

ठाकुर्लीची विमलाबाई दर आठवड्याला माझ्याकडे यायची. गिरण्यांचा संप झाला आणि तिच्या नवऱ्याचं काम कायमचं गेलं. "मंजुळाबाई, कुत्र्याला द्या," म्हणायची आणि मग एकेक तुकडा निवडत बसायची. वास घ्यायची, डोकी बाजूला काढायची. अहो, कुत्र्यासाठी असं कोण निवडतं? हिच्या घरात कुत्रा नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलेलं. पण बोलले नाही. अब्रू असते माणसाला. चुऱ्यात मूठभर चांगला जवळा सारायचे.

एकदा तिच्या हाताला अख्खा बोंबील लागला. चेहराच उतरला तिचा. "हा कुत्र्याचा नाही," म्हणाली.

"असू दे गं, चुकून आला."

तिनं तो परत टोपलीत ठेवला, चुराही तिथंच ओतला आणि उठून सरळ गोपीनाथच्या ढिगापाशी गेली. मी टोपली टाकून मागे धावले.

"विमलाबाई, हे नको. याला औषध मारलंय."

"तुमच्या टोपलीवर किती माशा घोंघावतात! इथं बघा, एक तरी आहे? किती स्वच्छ आहे."

"अगं बाई माझे, म्हणून तर! माशीलासुद्धा नको झालंय ते. हात लावून बघ, पांढरं लागेल."

"मीठ असेल. आणि मी धुऊनच घालते कुत्र्याला."

आता भर बाजारात कसं सांगू, की बये, खाणार तूच आहेस? मी गोपीनाथच्या कानाशी लागले. "हिला देऊ नकोस रे. घरात खातात ते."

गोपीनाथनं तंबाखू थुंकली आणि मोठ्यानं विचारलं, "काय हो बाई, कुत्र्यालाच ना?"

चार बायका वळून बघायला लागल्या. विमलाबाईनं पदर सारखा केला.

"कुत्र्यालाच," ती म्हणाली.

त्यानं पुडा बांधला. काय करणार होते मी!

त्यानंतर ती आलीच नाही. एका सकाळी तिचा नवरा दौलत आला. डोकं भादरलेलं.

"विमल गेली," तो म्हणाला. "मी कामासाठी गावाकडे गेलेलो. उलट्या थांबेनात म्हणून शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, पोटात विष गेलं. उद्या तिचं पान वाढायचंय. तिला सुका बोंबील आवडायचा. मासळी तुमच्याकडनंच आणते म्हणायची, चांगली असते. बघून द्या."

मी टोपलीतला सगळ्यात चांगला काढायला लागले.

"बाई, तिनं काय खाल्लं असेल हो? तुम्हाला काही बोलली होती?"

जे तिनं नवऱ्यालाही कळू दिलं नाही, ते मी कुठल्या तोंडानं सांगू?

"नाही हो दादा," म्हटलं, आणि बोंबील कागदात बांधून दिला.