दोन सूत

माघ सरत आला होता. खाडीवरचे धुके अजून अंथरुणातच होते, आणि पूर्वेच्या डोंगरकाठावर आकाशाची केशरी किनार हळूहळू उकलत होती. पाणी निश्चल, वारा निश्चल, क्रेनची उंच मान निश्चल. धडधडत होते ते फक्त सुगंधा मयेकरचे काळीज, आणि तेही असे की परांचीवर तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दाऊदचाचांना ऐकू जावे.

गोदीच्या छपराखाली, कोरड्या दगडी पोटात, 'श्यामला' ही बोट दोन तुकडे होऊन पडली होती. चोवीस वर्षे सिमेंट वाहिलेली, धूळवर्णा, खारटदेहा श्यामला. आता तिला माणसे वाहायची होती, म्हणून अंगाने वाढायचे होते. निळ्या ज्वाळेने तिला मध्यावर चिरले होते, आणि त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये अठरा मीटर लांबीचा नवा, कोरा, तांबूस तुकडा काल संध्याकाळी आणून बसवला होता. जुन्या देहात नवे पोट, असे गोदीतले लोक म्हणत.

पण हे पोट, म्हणे, दोन सूत रुंद होते.

दोन सूत म्हणजे पाव इंच. माणसाच्या नखाएवढे. वीस मीटर रुंदीच्या जहाजात नखाएवढ्याचे ते काय, असे काठावरच्याला वाटेल. पण समुद्राला नख पुरते. काल दुपारी उघड्या मैदानात तुकड्याचे माप निघाले, सावलीतल्या जहाजाच्या मापाशी ताडले गेले, आणि कापाकापीचा हुकूम सुटला. उजव्या कडेपासून दोन सूत आत खडूची पांढरी रेघ ओढली गेली. कापणाऱ्याने गॅस पेटवलासुद्धा.

तेव्हा सुगंधा त्या रेघेवर जाऊन उभी राहिली. कापू नका म्हणाली. हे उन्हाचे माप आहे, लोखंडाचे नाही. पहाटेपर्यंत थांबा, ते आपल्या मापावर येईल, म्हणाली. मापाची टेप तिच्या हाती येऊन जेमतेम महिना झाला होता.

केळुसकर साहेब गोदीचे मुख्य. शिकलेला, शांत माणूस. त्यांनी तिला झिडकारले नाही, हिशेब दाखवला. उन्हाने एक सूत वाढेल हे मान्य. उरलेले एक सूत चूकच.

सुगंधाने बूट काढले, त्या तांबूस पत्र्यावर अनवाणी पाऊल टेकवले आणि चटका बसताच उचलले.

"साहेब, तुम्ही हवेचा ताप धरलात," ती म्हणाली. "पत्र्याचा धरा."

साहेबांनी वाकून स्वतः पत्र्याला बोट लावून पाहिले. मग त्यांनी सूर्योदयापर्यंतची मुदत दिली. सकाळी फरक दिसला तर रेघेवर कापायचे, आणि टेप दुसऱ्याच्या हाती द्यायची.

हे सारे तिच्या अंगाला इतके का झोंबावे? त्याला कारण होते. नऊ वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, वैशाखाच्या ऐन दुपारी तिने एक तापलेला पत्रा मापला होता आणि दोन सूत कापून घेतला होता. पहाटे पत्रा निवला, आक्रसला, आणि सांध्याच्या फटीतून आभाळ तिच्याकडे बघून हसले. त्या दिवसापासून गोदीत तिचे नाव पडले 'दोनसुती'. चहाच्या टपरीवर दोनसुती, हजेरीला दोनसुती. ती हसून साजरे करी, आणि घरी जाऊन रडे. नऊ वर्षे ती पहाटे लवकर येई, लोखंडाला हात लावून बघे. रात्रीचे लोखंड कसे असते, सकाळचे कसे, सावलीतले कसे, हे तिचा तळहात शिकत गेला.

आणि आज नेमके तेच दोन सूत समोर येऊन उभे होते.

रात्रभर तुकडा निवत राहिला होता. निवताना लोखंड बोलते. टुक्, टुक्, असा बारीक आवाज गोदीत उमटत होता. तासाभरापूर्वी डावी बाजू कडेला कड लावून पक्की केली होती. असेल नसेल तो सारा फरक आता उजवीकडे, तिच्या डोळ्यांसमोर दिसणार होता.

तिने सांध्यावर पोलादी पट्टी आडवी धरली. अर्धी जुन्या श्यामलेवर, अर्धी नव्या तुकड्यावर. रीत सोपी होती: चाचांनी वरून बॅटरीचा झोत टाकायचा, तिने खालून बघायचे. दोन्ही कडा जुळल्या नसतील, तर पट्टीखालून उजेडाची रेघ दिसेल.

दाऊदचाचांचे केस या गोदीत पांढरे झाले होते. नऊ वर्षांपूर्वी ती फट प्रथम त्यांनीच पाहिली होती, आणि ते नावही त्यांनीच ठेवले होते. आज बॅटरी त्यांच्याच हाती होती.

"सांग गो," ते हळूच म्हणाले. "उजेड हाय?"

सुगंधा बघत राहिली. पट्टीच्या वर उजेड होता, शुभ्र, लखलखीत. पट्टीच्या खाली काळोख होता. तिने पट्टी हातभर वर नेली, काळोख. खाली आणली, काळोख. कसा गर्द, गोड, अखंड काळोख! इतका आनंद तिला उजेडाने कधी दिला नव्हता.

"नाय चाचा," ती म्हणाली. "कुठंच नाय."

चाचांनी बॅटरी विझवली. मग खाली वाकून, गोदीच्या साऱ्या पोटात घुमेल अशा आवाजात त्यांनी हाक दिली, "मयेकरबाईंचं माप बराबर हाय. वेल्डर वर पाठवा."

मयेकरबाई. नऊ वर्षांनी तिला तिचे आडनाव भेटले.

खाली केळुसकर साहेबांनी स्वतः नारळ उचलला. सांध्याला पाणी चालत नाही, म्हणून तो गोदीच्या पायरीवर फोडला. वर ठिणग्यांचे पहिले फूल उमलले, मग दुसरे, मग फुलांचा सडाच पडू लागला. आणि डोंगरामागून सूर्य वर आला, खाडीवरून पळत पळत गोदीत शिरला, श्यामलेच्या लांबच लांब अंगावरून फिरला. जुन्या अंगावर, नव्या अंगावर, न कापलेल्या खडूच्या रेघेवर. सुगंधाने ती रेघ तळहाताने पुसली. तळहात पांढरा झाला, आणि त्याखाली लोखंड होते, गार, शांत, आपल्या मापाचे.