ऑपरेटरबाईंचा सूर

या, असे पुढे या. तिकडे दाराशी अंग चोरून कशाला बसलात? इथे जागा आहे, आणि नसली तर शेजारचा सरकेल. देवाच्या दारी सरकायला कुणाचं काय जातं! मोबाइल खिशात घाला, मन तेवढं बाहेर काढा. एक गोष्ट सांगायची आहे. राजाराणीची नाही, लढाईची नाही. एका बाईंची आहे, त्यांच्या भावाच्या गळ्याची आहे आणि संगणकाच्या पडद्यावरच्या वायरींची आहे. शेवटी सगळं नीट होतं हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना तुमच्या पोटात गोळा यायला नको. तरी मधे एकदा येईलच. त्याला माझा इलाज नाही.

घरात त्यांना आत्या म्हणत आणि बाहेर ऑपरेटरबाई. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची नोकरी झाली. जुना बोर्ड, भोकांच्या रांगाच रांगा असलेला. फोन आला की वायर उचलायची, हव्या त्या खोलीच्या भोकात खोचायची, दोघांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण कान मिटून घ्यायचे. पुढे तो बोर्ड गेला, आपोआप लागणारे फोन आले, आत्याही निवृत्त झाल्या. पण हाताला लागलेलं वळण कुठे जातं? जेवताना मिठाची बरणी उचलली तरी पुन्हा नेमकी तिच्याच जागी ठेवायच्या.

त्यांचा थोरला भाऊ, दादा, गाऊन निरूपण करायचा. चौकातल्या प्रार्थनेच्या सभागृहात दर रविवारी दुपारी लोक त्याला ऐकायला यायचे. आधी कथा बोलायला लागायचा, बोलता बोलता गायला लागायचा, आणि गाणं कधी सुरू झालं ते कुणाला कळायचंही नाही. मग त्याच्या गळ्याचं दुखणं निघालं. औषधं झाली, यंत्राखाली निजवणं झालं, वर्षभर घरादाराच्या तोंडचं पाणी पळालं. आणि एके दिवशी डॉक्टरीणबाई कागदांवरून मान वर करून म्हणाल्या, "झालं. गेलं दुखणं. आता गा."

घराचा जीव भांड्यात पडला. वहिनी तर इस्पितळाच्या जिन्यातच पायरीवर बसून रडल्या आणि मग स्वतःलाच हसल्या.

पण गळा बरा झाला तरी तो जुना राहिला नाही. दादा गायला बसला की आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा खाली लागायचा. गळा तापत जाई तसतसा तो आपोआप वर सरकायचा, आणि कुठे जाऊन थांबेल ते दादालाही ठाऊक नसायचं. मागे आधाराचा सूर धरायला एक विजेवर चालणारी पेटी होती. ती बिचारी एकदा जिथे लावली तिथेच गात राहायची. बटण फिरवून तिची पट्टी बदलता यायची, पण पायरीपायरीने. दादाचा गळा मात्र चढणीच्या वाटेसारखा सलग चढायचा. पहिल्याच रविवारी पेटी एकीकडे आणि दादा दुसरीकडे असं झालं. कथा निम्म्यावर आली असताना त्याने समोरचा पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, पेला हातात धरूनच उठला आणि आत गेला तो बाहेर आलाच नाही.

घरी आल्यावर म्हणाला, "अजून एकदा बसेन. नाही जमलं तर माझ्या जागी दुसऱ्याला बसवा. बेसूर गाऊन देवाचे कान किटवायचे नाहीत मला."

त्याउपर तो घरात बोलेनासाच झाला. खिडकीशी बसायचा. दुखण्यातही जो माणूस परिचारिकांना गोष्टी सांगत होता, तो आता भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा सांगेना. वहिनी मुद्दाम कमी घालून बघायच्या.

त्याची मुलगी दुसऱ्या गावी नाटकांच्या ध्वनीचं काम करायची. दोन दिवसांसाठी आली आणि आत्यांना माडीवरच्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर आपला जुना लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक रिकामी फळी दिसली.

"आत्या, बाबांच्या गळ्यामागे सरकेल असं आपलं वाद्य इथे बनवायचं."

"बनवायचं? वाजवायला तरी येतं का मला?"

"वाजवायचं नाहीच. हे बघ, हा डबा स्वर काढतो. हा त्या स्वराची धार कमी करतो, गाळणीसारखा. हा बाहेर स्पीकरला देतो. डबे फळीवर मांडायचे आणि वायरींनी जोडायचे."

तिने एका डब्याच्या भोकातून पिवळी वायर ओढली आणि दुसऱ्याच्या भोकात सोडली. वायर झोक्यासारखी लोंबली. आत्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"अगं, हा तर माझा बोर्ड!"

"तुझाच. फक्त पलीकडून 'किती वेळ थांबवता हो' म्हणून कुणी ओरडणार नाही."

"मग मजा काय राहिली?"

भाची गावी परत गेली आणि आत्यांचं शिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी सगळं जोडून झालं तरी हूं की चूं नाही. खूप वेळाने लक्षात आलं की स्पीकरच्या डब्याला वायरच दिलेली नाही. ती दिली, आणि अशी किंकाळी फुटली की खाली स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं झाकण पडलं.

"वन्संऽ! कुणाला कापताय वर?"

"सूर लावतेय, वहिनी!"

"सूर होय? मला वाटलं मिक्सरमध्ये चमचा गेला."

हळूहळू त्यांना उमगत गेलं. काही वायरींतून आवाज जातो आणि काहींतून नुसता हुकूम: अमुक उंचीला गा, थोडं वर ये, थोडं खाली जा. हुकमाच्या डब्याला एक गोल बटण. ते फिरवलं की स्वर लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो, मधे पायऱ्या नाहीत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आत्या खुर्चीत मागे रेलल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "देवा, हेच हवं होतं रे."

आधाराला तीन स्वर हवे होते: खालचा सा, मधला पंचम आणि वरचा सा. त्यांनी स्वराचे तीन डबे मांडले, एकमेकांशी जुळवले. आता तिन्ही डब्यांना हुकूम द्यायचा. इथे जे झालं ते बोर्डावर जन्म काढलेल्या माणसाच्याच हातून व्हावं. बोर्डाचा पहिला नियम असा की एका भोकात एकच वायर. दोघं बोलत असताना तिसऱ्याला त्या लाइनीवर घेणं म्हणजे पाप. डॉक्टर कुणाच्या मुलाला काय सांगतायत ते परक्याच्या कानी पडलं तर? क्रॉस कनेक्शन झालं म्हणून बायकांना तिथल्या तिथे घरी बसवलेलं आत्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी हुकमाचेही तीन डबे मांडले. प्रत्येकाला आपली वायर, आपलं बटण. फळी कशी नेटकी दिसत होती!

भाचीला फोनवर सूर ऐकवला. "वा, आत्या! घट्ट लागलाय," ती म्हणाली. ती तरी काय करणार? सूर तेव्हा एका जागी उभा होता.

चालवायला लागलं की मात्र एक बटण फिरवावं, मग दुसरं, मग तिसरं. तेवढ्या वेळात तिन्ही स्वर जिन्यातून कपाट उतरवणाऱ्या हमालांसारखे एकमेकांना ढकलायचे. मग पुन्हा जुळायचे. आत्या सराव करत राहिल्या. हात चपळ होत गेला. होईल, जमेल, असं स्वतःला सांगत राहिल्या.

दादा पुन्हा बसायचा होता तो रविवार उजाडला.

सभागृह भरलं होतं. गेल्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे लोक जरा जास्तच प्रेमाने खोकत होते. दादा समोर बसला. त्याच्या मागे डाव्या हाताला, खांबाच्या आडोशाला, स्टुलावर लॅपटॉप आणि त्यासमोर आत्या. वहिनी पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून.

आत्यांनी सूर सोडला. दादाने मान किंचित कलती केली, ऐकलं आणि बोलायला लागला. कथा होती एका नावाड्याची. त्याला पलीकडच्या तीरावरून रोज कुणीतरी हाक मारतं, आणि तो नाव घेऊन गेला की तिथे कुणी नसतं. बोलता बोलता आवाज गाण्यात उतरला. खाली, जाड, थोडा खरखरीत, पण सुरात! आत्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. वहिनींच्या पर्सवरची बोटं सैल झाली.

नावाडी दुसऱ्यांदा निघाला आणि दादाचा गळा चढायला लागला.

आत्यांनी पहिलं बटण फिरवलं. दुसरं. तिसरं. जुळलं. गळा अजून वर. पहिलं, दुसरं... तिसऱ्याला हात लागायच्या आत दादा आणखी पुढे गेला होता. खोलीत बसून केलेल्या सरावात गळा नव्हता ना! तिन्ही स्वर तीन दिशांना निघाले. घरघर उठली. मागच्या रांगेत कुणीतरी मान वळवली. दादाचा शब्द अडखळला, नावाडी पाण्याच्या मध्यावर थांबला, आणि दादाचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला.

आत्यांनी तो हात पाहिला. आता हा उठणार. आज उठला की संपलं, मग खिडकी आणि खुर्ची.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तीन बटणं, तीन वायरी, सगळं कसं नियमाला धरून. पहिल्या हुकमाच्या डब्यातून निघालेल्या त्या एकुलत्या एक वायरीवर त्यांची नजर खिळली. आणि मनात आलं, या लाइनीवर बोलतंय कोण? कुणीच नाही. ना डॉक्टर, ना कुणाचा मुलगा. इथे कुणाचं गुपित नाही. एकच हुकूम आहे, आणि तो तिघांनीही ऐकायला हवाय. मग ऐकू दे की मेल्यांना!

त्यांनी दुसऱ्या वायरीचं वरचं टोक उपटलं. पंचम धाडकन खाली कोसळला. दात आवळून त्यांनी ते टोक पहिल्या वायरीच्याच भोकात, तिच्या उरावर खोचलं. काहीतरी ठिणगी उडेल, कुणी खेकसेल असं वाटलं. काही झालं नाही. भोकाभोवती दोन रंगांची कडी दिसली आणि पंचम उडी मारून आपल्या जागी येऊन बसला. तिसरी वायर उपटली, तिथेच खोचली.

सूर जुळला. तिन्ही स्वर असे एकात एक बसले की खांबाला टेकलेल्या आत्यांच्या पाठीला तो गुंजारव जाणवला. आता एकच बटण. त्यांनी ते अलगद फिरवलं आणि सगळा सूर एकसंध वर सरकला, तो थेट दादाच्या शेवटच्या शब्दापाशी जाऊन थांबला. चल, मी आहे.

दादाचा हात पेल्यावर होता. मग त्याने पेला बाजूला सारला.

नावाडी निघाला. गळा चढला, सूर चढला. गळा एका वळणावर रेंगाळला, सूर रेंगाळला. दादाने मुद्दाम एकदा खाली येऊन पाहिलं, जुना खोडकरच तो, आणि सूर त्याच्या मागोमाग खाली आला. तेव्हा तो हसला. गाता गाता हसला, हे लोकांनी वर्षभराने पाहिलं. पलीकडच्या तीरावर त्या दिवशी नावाड्याला कोण भेटलं ते मी सांगत नाही, ते दादाकडून गाण्यातच ऐकायला हवं. पण सभागृहात कुणी खोकलं नाही एवढं खरं.

घरी येऊन चहा झाला. फोनवर भाची हसून हसून बेजार. "अगं आत्या, एका भोकातून हव्या तेवढ्या वायरी काढता येतात! मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. माझ्या बोर्डावर असलं काही केलं असतंस तर तुला घरची पोरगी म्हणूनही सोडलं नसतं."

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "मधे तो आवाज कोसळला ना, तेव्हा मी देवाला काय काय कबूल करून बसले, आता मलाच आठवत नाही."

"देवाला आठवत असेल, वहिनी. तुम्ही निश्चिंत राहा."

दादा खिडकीशी नव्हता. टेबलाशी बसला होता. वाटीतल्या भाजीचा घास घेतला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

वहिनींनी आत्यांकडे पाहिलं, आत्यांनी वहिनींकडे, आणि दोघी इतक्या हसल्या की दादाला कळेना, मिठात एवढं हसण्यासारखं काय आहे. मग तो बहिणीला म्हणाला, "पुढच्या रविवारी मोठी कथा घेईन म्हणतो. गळा आजच्यापेक्षाही वर जाईल बहुतेक. येशील ना मागून?"

"तू जा रे पुढे," आत्या म्हणाल्या. "मी लाइनीवर आहे."

तर मंडळी, गोष्ट एवढीच. कधी त्या सभागृहात गेलात तर दादाचं गाणं कानभर ऐका, जरूर ऐका. पण निघताना डावीकडच्या खांबाआड एकदा डोकावून पाहा. स्टुलासमोर चष्मा वर-खाली करत बसलेल्या एक बाई दिसतील. आणि जाणं नाहीच झालं, तर घरी देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाल्यावर त्या ऑपरेटरबाईंचीही आठवण काढा. एवढं माझ्यासाठी करा.